टोपलीतला पाणघोडा

संगणकाने तिला सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. बिचारा रोज सांगत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण उगवायचा आणि त्याच्याखाली अगदी अदबीने लिहिलेलं असायचं की जागा संपत आली आहे, कृपया लक्ष द्यावे. ती डाव्या हाताने मुलीचं नाक पुसत उजव्या हाताने ‘नंतर आठवण करा’ दाबायची. त्रिकोण मुकाट्याने मावळायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचा. दाराशी आलेल्या विक्रेत्याला आपण ज्या सुरात ‘आज नको’ म्हणतो, त्याच सुरात ती त्याला वाटेला लावत असे.

तसं पाहिलं तर इशारे उडवून लावणारी बाई ती नव्हेच. उलट, जगात जेवढे म्हणून इशारे छापले जातात ते सगळे आपल्यालाच उद्देशून आहेत, अशी तिची पक्की समजूत होती. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर ती भिंग लावून वाचायची. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसांची वजनं डोळ्यांनी तोलायची. मुलगी झाल्यापासून तर तिचे कान झोपेतही टवकारलेले असत. मुलगी खोकली की ती आधी फोन हातात घ्यायची आणि मग पाणी. कारण डॉक्टर विचारणार, खोकला कसला? आणि खोकला काय तोंडी सांगायची गोष्ट आहे? तेव्हा संगणकात ‘खोकला कोरडा’, ‘खोकला ओला’ आणि ‘खोकला नक्की सांगता येत नाही’ असे वेगवेगळे कप्पे होते. पुरळाचे फोटो होते, शेजारी मापाला नाणं ठेवून काढलेले. आणखी एका कप्प्याचं नाव इथे सांगण्यासारखं नाही. तो फक्त डॉक्टरांनी पाहिला होता आणि जेवणाच्या वेळेआधी पुन्हा दाखवू नका म्हणून हात जोडले होते.

मुलीला घरात गुंडी म्हणत. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या गुंडीएवढं होतं, आणि स्वभावानेही ती तशीच निघाली. एकदा तोंड मिटलं की उघडायला दोन माणसं लागत.

हा संगणक नवऱ्याच्या कॉलेजातल्या दिवसांचा. बैठकीच्या खोलीत खिडकीशी, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर त्याची स्थापना झाली होती. सुरू करताना तो आधी घसा खाकरायचा, मग घुरघुरायचा, आणि चहा उकळेपर्यंत कुठे डोळे उघडायचा. त्याच्यावर सगळ्यात जास्त हक्क सांगणारं माणूस म्हणजे ती, आणि सगळ्यात जास्त बसणारं माणूस म्हणजे सासरे.

सासरे निवृत्त हिशेब तपासनीस. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली होती आणि स्वतःची एकही कुणाला सापडू दिली नव्हती. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. सकाळचा चहा झाला की ते संगणकापुढे बसायचे आणि एका बोटाने, बंद दार ठोठावल्यासारखी, गुंडीची संध्याकाळची गोष्ट टाइप करायचे. गोष्ट एका पाणघोड्याची होती. हा पाणघोडा होडीत बसून गावोगाव हिंडायचा आणि प्राण्यांची दुकानं तपासायचा. खारीकडे मालाचा मेळ बसत नसे. कासव पावती द्यायला उशीर करी. तरस प्रत्येक प्रश्नाला नुसता हसत सुटे आणि त्यामुळे त्याच्यावरचा संशय बळावे. ही गोष्ट ऐकताना गुंडीचा जबडा आपोआप खाली यायचा आणि त्या उघड्या तोंडात घास सरकवता यायचा. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने त्या तोंडात अन्न शिरत नसे. डॉक्टरांचं टॉनिक, शेजारणीचा सल्ला, पप्पांचं विमान, सगळे हात टेकून बसले होते. घरातला एकुलता एक चालू रस्ता म्हणजे पाणघोडा.

श्रोता म्हणून गुंडी सासऱ्यांहून कडक तपासनीस होती. पाणघोड्याची छत्री काल निळी असेल आणि आज हिरवी झाली, तर घास बाहेर.

“बाबा, एका पाणघोड्यासाठी एवढा पत्रव्यवहार?” नवरा चेष्टा करायचा. “तोंडी सांगून टाकायची की!”

“कागदोपत्री असलेलं बरं असतं,” सासरे म्हणायचे.

जन्मभराची सवय, असं म्हणून घराने ते सोडून दिलं होतं.

आणि अशात शाळेचा निरोप आला. गुंडीला ज्या बालशाळेत घालायचं घाटत होतं, तिथे प्रवेशासाठी एक चित्रफीत मागितली होती. मूल स्वतःच्या हाताने, आनंदाने आणि कोणत्याही आमिषाविना जेवत आहे असं तीत दिसलं पाहिजे. मुदत शुक्रवारपर्यंत. ही अट ज्याने लिहिली त्याने मूल बहुधा रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलेलं असावं. पण शाळा नावाजलेली होती, आणि नावाजलेल्या शाळेला असं तोंडावर कोण विचारणार?

तिने लगेच फोनवर एक फीत काढून पाहिली. गुंडी छान जेवत होती, पण अख्ख्या फितीत सासऱ्यांचा आवाज खारीची झाडाझडती घेत होता आणि चमचा धरलेला त्यांचा हात पडद्यात ये-जा करत होता. म्हणजे घास आजोबांच्या जिवावर गिळायचे आणि शाळेला फीत पाठवायची ती आजोबांना कापून! तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण फार वेळ नाही. फीत संगणकावर घ्यावी आणि काही कापाकापी जमते का ते बघावं, म्हणून तिने तार जोडली. संगणक घुरघुरला, थबकला आणि म्हणाला, जागा नाही. त्रिकोण या वेळी लाल होता आणि त्याच्याखाली ‘नंतर’चं बटणच नव्हतं.

मग घराची सभा बसली.

“माझे सिनेमे सोडून काहीही काढ,” नवऱ्याने आधीच हात वर केले. त्याने जमवलेल्या सिनेमांच्या कप्प्याचं नाव ‘कधीतरी बघू’ असं होतं.

“तू बघणार कधी ते?”

“निवृत्त झाल्यावर.”

“तोपर्यंत हा संगणक निवृत्त होईल.”

“म्हणून तर आत्ता जपायचे! तुझे खोकले काढ ना. गुंडी काय नवीन खोकणार नाही?”

“असं अभद्र बोलू नकोस.”

मग नणंदेला फोन लागला, कारण तिच्या लग्नाची पूर्ण लांबीची फीत याच संगणकात ठाण मांडून बसली होती.

“वहिनी, तिला हात लावलात तर बघा हं!”

“अहो ताई, पण तुमच्या घरी आहे ना एक?”

“आमच्याकडे नकोच. ह्यांना बघवत नाही. त्यात ते सगळीकडे जांभया देताना आलेत. तुमच्याकडे सुखरूप आहे ती.”

राहिले सासरे. ते खिडकीशी चष्मा पुसत बसले होते.

“बाबा, तुमचं काय काय आहे यात?”

“माझं?” त्यांनी जरा विचार केला. “माझं वर काही नसतं. काम झालं की टोपलीत.”

“शीक!” ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. “या वयात बाबांना जमतं. नाहीतर तू!”

सासऱ्यांनी मान डोलावली. कौतुक कुणाला नको असतं?

टोपली म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी, कागदाचे बोळे भरलेली ती छोटी कचऱ्याची टोपली. आपण काढून टाकलेलं सगळं तिच्यात जाऊन पडतं आणि कुणी टोपली रिकामी करेपर्यंत तिथेच राहतं. ऐकणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच सासरे काय म्हणाले ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे सकाळी फिरायला गेले तशी ती कंबर कसून बसली. आधी ‘खोकला ओला’ उघडला. एक खोकला ऐकला, गुंडीचं तेव्हाचं बोबडं ‘आई’ त्याच्या मागे ऐकलं, डोळे भरून आले, कप्पा बंद केला. पुरळांपैकी एक काढायला घेतलं, पण तेच पुन्हा उठलं तर ताडून कशाशी बघणार? घरात आता नसलेल्या प्रिंटरची माहितीपुस्तिका मात्र तिने निष्ठुरपणे काढली. त्रिकोण लालच्या लाल. शेवटी तिची नजर टोपलीवर गेली. गच्च भरलेली होती. वा! हा तर नुसता कचरा. संगणकाने विचारलं, यातलं सर्व कायमचं काढून टाकायचं? परत आणता येणार नाही. डास मारावा तसं तिने ‘होय’वर बोट मारलं. कागद चुरगळल्याचा कर्र असा आवाज आला आणि टोपली लख्ख झाली. मग फीत आत सरकवली, ती नेमकी मावली. एवढ्याशा पराक्रमाने तिला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला.

सासरे परतले, संगणकापुढे बसले आणि बसूनच राहिले. दार ठोठावण्याचा आवाज काही येईना.

“बाबा, आता वेगाने चालतोय की नाही?” तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

“हो,” सासरे म्हणाले. “फार वेगाने.”

फीत कितीही कापली तरी तो चमच्याचा हात काही पडद्यातून जाईना. तेव्हा संध्याकाळी नव्याने चित्रण ठरलं. चमचा गुंडीच्या हातात, सासरे कपाटाच्या आडोशाला आणि फोन पुस्तकांच्या चळतीवर. नवरा मागे उभा राहून ‘हस, हस’ अशा खुणा करत होता.

“एक होता गेंडा...” कपाटामागून आवाज आला.

“पाणघोडा!” गुंडी ओरडली.

“हो, हो, पाणघोडा. तर तो रस्त्याने चालला होता...”

“होडीत! काल तो होडीत होता! होडीला भोक पडलं होतं!”

मग सासरे बाहेर आले. “आज माझा घसा बसलाय,” म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. गुंडीने चमचा खाली ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. सासऱ्यांचा घसा बसलेलाच होता, मात्र फोनवर ते नणंदेशी खणखणीत बोलत होते. पप्पांनी मोटारीची गोष्ट सांगून पाहिली. मोटारीचं चाक पंक्चर व्हायच्या आतच गुंडी खुर्चीवरून उतरून गेली. आपल्या हिरोईनचा जीव टांगणीला लागला. ती मुलीला वजनकाट्यावर उभी करायची, उतरवायची, काटा झटकून पुन्हा उभी करायची. शेवटी ती तडक सासऱ्यांच्या खोलीत गेली.

“बाबा, पोर उपाशी आहे हो. काहीही सांगा! कालचं नाही तर दुसरं. तिला काय कळतंय?”

“तिला सगळं कळतं,” सासरे म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, ऑफिसात कुणाला भेटायला आल्यासारखे. मग त्यांनी विचारलं, “सूनबाई, टोपली कुणी रिकामी केली?”

“मी.” तिला अजून प्रकाश पडला नव्हता. “का हो?”

“त्यात माझा पाणघोडा होता.”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता, तो फस्सकन हसला. “बाबा! कचऱ्यात ठेवत होतात?”

“मग ठेवणार कुठे?” सासरे ताठ झाले. “समोर ठेवलं तर ही म्हणाली, गुंडीच्या डोळ्यावर काय ठेवलंय.”

ते खरं होतं. पडद्यावर तिने गुंडीचा हसरा फोटो लावला होता आणि त्याच्यावर ती कुणाच्या फाइलची एकही खूण खपवून घेत नसे. पाणघोडा एकदा गुंडीच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसला होता, तेव्हा तिने सासऱ्यांना बऱ्यापैकी सुनावलं होतं.

“आणि बाकीच्या कप्प्यांवर सगळ्यांची नावं,” सासरे पुढे म्हणाले. “टोपलीवर नव्हतं कुणाचं. मी ऑफिसं तपासायला जायचो ना, तेव्हा कपाटं नंतर. आधी टोपली. लपवायचं ते लोक टोपलीत टाकतात आणि मग तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्याच्यापेक्षा सुरक्षित जागा नाही. मी रोज सकाळी बाहेर काढायचो, कालचं वाचायचो, आजचं लिहायचो, पुन्हा आत टाकायचो. कुणी हात लावला नाही इतके दिवस.”

नवऱ्याचं हसू थांबेना. तिने मात्र धावत जाऊन संगणक दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“वहिनी, टोपली रिकामी केलीत, ठीक आहे,” तो म्हणाला. “त्यानंतर त्या जागेवर काही भरलं नाही ना?”

“एक फीत घेतली.”

“मोठी?”

“नेमकी मावली.”

“मग राम म्हणा,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ती परत खोलीत आली. तिला खरंच वाईट वाटत होतं, पण डोकं अजून गुंडीच्या ताटाशीच घोटाळत होतं. “बाबा, चुकलंच माझं. पण लिहिलं तर तुम्हीच होतं ना? जेवढं आठवतंय तेवढ्यावरून पुढे न्या.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “आठवलं असतं,” ते म्हणाले, “तर लिहिलं कशाला असतं?”

यावरही नवरा हसला. बाबांचं उत्तर नेहमीसारखं तिरकस होतं, हसण्यासारखंच होतं. तीही हसली. म्हणजे तोंड हसलं.

शुक्रवार उजाडला तेव्हा शाळेचा दुसरा निरोप आला. पालकांनी पाठवलेल्या चित्रफितींमुळे शाळेच्या संगणकातली जागा संपली होती. तरी पुढील सूचना मिळेपर्यंत कुणी काही पाठवू नये. नवरा तो निरोप दोनदा मोठ्याने वाचून आडवा पडायचा बाकी राहिला.

त्या संध्याकाळी सासरे आपण होऊन जेवणाच्या टेबलाशी आले. फोन नव्हता, कपाटाचा आडोसा नव्हता. त्यांनी गुंडीशेजारची खुर्ची ओढली.

“तर, तो पाणघोडा घोड्यावर बसून...”

“होडीत, आजोबा!” गुंडीने कपाळाला हात लावला आणि संतापाच्या भरात एक गाजर तोंडात टाकलं.

“होडीत. बरोबर. त्याच्याकडे लाल छत्री...”

“निळी! किती वेळा सांगू!” आणखी एक घास. स्वतःच्या हाताने. कुणी म्हटलं नाही, हस म्हणून.

“मग? मग तो कुठे गेला?”

“तरसाकडे! तुम्हाला काहीच कसं येत नाही?”

ताट रिकामं झालं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. “बाबा, मानलं तुम्हाला! मुद्दाम चुकायचं आणि पोरीला बोलतं करायचं. ही युक्ती आधी का नाही सुचली?” लगेच त्याने फोनवरून ताईला वृत्तांत दिला. पलीकडून ताईही म्हणाली, की बाबा म्हणजे पहिल्यापासूनच बेरकी. घराला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पोरीने भात खाल्ला होता, गाजर खाल्लं होतं, आणखी मागितलं होतं. तिची, म्हणजे आपल्या सूनबाईची, तर ही जन्माची काळजी. ती मिटली होती. तिने खरं तर आता हातपाय ताणून निवांत बसायचं.

पण ती ताटं उचलायची सोडून सासऱ्यांकडे पाहत उभी होती. माणूस मुद्दाम चुकतो तेव्हा चूक केल्यावर हळूच समोरच्याकडे बघतो, पटली का म्हणून. सासरे बघत नव्हते. ‘मग तो कुठे गेला’ असं विचारताना ते टेबलावर पुढे वाकायचे आणि गुंडीच्या तोंडाकडे असे पाहत राहायचे, जसं फलाटावर उभं राहून आपण आपली गाडी कुठली ते अनोळखी माणसाला विचारतो. गुंडी उत्तर द्यायची. त्यांचा खांदा जरासा सैल व्हायचा. मग पुढच्या वाक्याला पुन्हा तेच.

आणि मग तिला एकेक दिसायला लागलं. परवा सासरे खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या दारात आपली चावी फिरवत होते, असं तिथले आजोबा वर येऊन हसत हसत सांगून गेले होते. हल्ली फिरायला गेले की कोपऱ्यावरून फोन करून ‘काही आणायचं का’ विचारायचे आणि बोलता बोलता ‘आता मी औषधाच्या दुकानाशी आहे, म्हणजे डावीकडे ना?’ असंही विचारायचे. ती गुंडीचं नाक पुसत ‘हो, हो’ म्हणायची.

“बाबा,” नवरा ओरडला, “उद्या गेंडाच आणा! उद्याही जेवेल मग.”

“आणतो,” सासरे म्हणाले आणि तिच्याकडे वळले. “गेंडा होता का आपल्या गोष्टीत?”

पुढच्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. नवरा येत नव्हता. उगाच राईचा पर्वत करतेस, म्हणाला. पण आला. डॉक्टरीणबाई भली होती. तिने सासऱ्यांशी बराच वेळ पाणघोड्याबद्दल गप्पा मारल्या, त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि मग कागद पुढे ओढून सूनबाईला विचारलं, “हे कधीपासून होतंय?”

साधा प्रश्न. खोलीत पंखा फिरत होता. नवरा तिच्याकडे पाहू लागला, कारण घरातलं कधीपासून काय होतंय हे तिलाच माहीत असायचं. सासरेही तिच्याकडे पाहू लागले, उत्सुकतेने, त्यांनाही ते जाणून घ्यायचं असल्यासारखे. तिला ठाऊक नव्हतं. त्याच खोल्यांत, त्याच टेबलाशी, रोज सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन ते बसत होते, आणि तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, ती भेटेल त्याला सांगत असते. इथवर वाचलंत म्हणून तुम्हालाही तिचं सांगणं आहे. तुमच्या घरात एखादं माणूस असेल, ज्याचं कधीच काही म्हणणं नसतं, ज्याचा कुणाला त्रास नाही म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात, त्याच्याजवळ जरा जाऊन बसा. परीक्षा घेतल्यासारखं नको. कालचा दिवस कसा गेला, एवढंच विचारा आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका. ते माणूस लांब राहत असेल तर फोन लावा, आणि ते ‘माझं काही नाही’ म्हणालं तरी लगेच ठेवू नका.